सालातलं जेवण

बरीच वर्षं आमच्याकडे कुणी पहिल्यांदा जेवायला आलं, की माझ्या धाकट्या बहिणीचं ताट बघून त्याचा घास हातातच राहायचा. सगळ्यांच्या ताटात वरण-भात, भाजी, पोळी. तिच्या ताटात दोन उकडलेली अंडी टरफलासकट, मूठभर भाजलेल्या शेंगा, एक केळ, मोसम असला तर एखादं संत्रं. एकेक गोष्ट ती आपल्या हाताने सोलायची. त्याआधी फिरवून फिरवून बघायची, कुठे चीर तर नाही. सालं ताटाच्या कडेला नीट रचून ठेवायची आणि मगच तोंडात घालायची. पाहुणे हळूच विचारायचे, "पथ्य आहे का?" मी म्हणायची, "हो नं, पथ्य आहे."

पथ्य कसलं आलंय! ती माझी करणी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिते आहे, कारण तिनेच सांगितलं. म्हणाली, "लिही. पण माझं नाव नको टाकू. आणि जे केलं ते सगळं लिही, गोड करून नको लिहू."

तर गोड न करता सांगते.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं वाचून वाचून. आमचे बाबा गिरणीत होते. पाळी संपवून आले की पाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि युनियनची पत्रकं माझ्याकडून वाचून घ्यायचे. आम्ही बौद्ध. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्या बाजूला काच लावलेली घटनेची उद्देशिका. हक्क, मान, समता हे शब्द आमच्या घरी मीठ-तिखटासारखे रोजचे. कुणी आमच्याशी खालच्या आवाजात बोललं तर बाबा शांतपणे म्हणायचे, "माझ्याशी बोला, माझ्याबद्दल नका बोलू." हे मला एवढं पाठ होतं, तरी ते आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा लागू पडतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

धाकटी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मॅट्रिक झालेली, माझ्याहून हुशार, बोलायला फटकळ. तिला दिलं उमरेडला. तिच्या सासरी हातमाग होता. चौतीस वर्षांची होती, तेव्हा एक दिवस तिचा नवरा तिला एसटीने माझ्या घरी घेऊन आला. पिशवी फाटकाशी ठेवली, पाणीसुद्धा प्यायला नाही. "सांभाळा हिले. भिंतीशी बोलते," एवढं म्हणाला आणि उलट पावली स्टँडकडे गेला.

ती खरंच बोलायची. पंख्याखाली उभी राहून वर बघायची आणि मला सांगायची, "ताई, त्या लोकायले सांग वं, माझी चर्चा बंद करा म्हणा." वर पंख्याशिवाय काही नसायचं. पहिल्या दिवशी मी हसले. आठव्या दिवशी मला पंख्याची भीती वाटायला लागली.

धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे नेलं. बाकड्यावर गोंदियाची, यवतमाळची माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. आमचा नंबर आला तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

"गोळ्या घेते का?"

"नाही घेत जी. थुंकून टाकते."

"मग जेवणात द्या. बारीक कुटून. वरणात, चहात, कशातही. तिला कळत नाही."

धाकटी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. माझ्या कोपराला तिचं कोपर लागत होतं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. शेगडीसमोर बसून शेगडीबद्दल बोलावं, तसे आम्ही दोघं बोलत होतो. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. फी कमी घ्यायचा, आवाजही गोड होता. पण पूर्ण वेळात त्याने तिला एक प्रश्न विचारला नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आईचा पितळी खलबत्ता होता, इतवारीतून घेतलेला, जड. गोळी कुटायची तर टण-टण आवाज होणार. म्हणून मी वेळ शोधून काढली. सकाळी नळ आला की शेजाऱ्यांची मोटर सुरू व्हायची, तिच्या घरघरीत सगळं बुडून जायचं. तेव्हाच कुटायची. मग त्याच खलबत्त्यात दोन वेलदोडे कुटायचे, म्हणजे वासही जाईल आणि कुणी विचारलं तर सांगता येईल, वेलची कुटून राहिली. माझं मलाच कौतुक वाटायचं. बघा, सातवी पास बाई, पण डोकं किती चालतं!

दोन-अडीच वर्षं मी हे केलं. पंख्यातली माणसं कमी झाली, हे खरं आहे. ते लपवत नाही. ती झोपायला लागली, अंगाने भरली. घरचे म्हणाले, ताईने बहीण वाचवली.

मग तिचे हात कापायला लागले.

आधी कपातला चहा बशीत सांडायचा. मग सुईत दोरा जाईना. हातमागावर बसलेली बाई ती, बोटांचा तिला गर्व होता. एकदा मी पोळ्या लाटत होते. ती माझ्यासमोर येऊन बसली, दोन्ही तळवे पुढे केले आणि बघत राहिली. तळवे पानासारखे हलत होते.

"ताई, हे हात माझे नाही वाटत."

मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कापरं येऊ शकतं, घाबरू नका. मला सांगितलं होतं. तिला नाही.

मी म्हणाले, "अशक्तपणा आहे वं. नीट जेव."

आणि तिच्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं.

एवढी वर्षं झाली, माझ्या कानात माझं दुसरं काही बोलणं राहिलं नाही, हेच वाक्य राहिलं. नीट जेव. कुणाच्या लग्नात पंगतीत कुणी कुणाला प्रेमाने म्हटलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

पुढे तिने स्वतःच कारणं शोधली. कुणीतरी आपल्या बोटांना दोरे बांधलेत आणि वरून ओढतंय, असं तिला वाटायला लागलं. म्हणजे मी जो आजार पळवायला निघाले होते, त्याला मीच नवीन गोष्ट पुरवली.

बुद्ध पौर्णिमेला आमच्याकडे खीर होते. मे महिना, कूलर लावूनही भिंती तापलेल्या. वस्तीतली माणसं येतात, वाटीवाटी खीर घेतात. त्या दिवशी तरी नको टाकू, असं मला वाटलं होतं. पण पाहुण्यांसमोर तिने काही केलं तर, ही भीती मोठी होती. घाईत गोळी नीट कुटली गेली नाही. तिच्या वाटीत वेगळी मिसळली, वरून वेलची भुरभुरली आणि वाटी तिच्या हातात दिली. सणाची खीर, बुद्धाच्या तसबिरीसमोर.

तिने दोन चमचे खाल्ले. तिसऱ्याला थांबली. जिभेवरून काहीतरी बोटावर घेतलं. पांढरा कण, तांदळाच्या कणीएवढा. तिने तो अंगठ्याने चुरडला, वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मी तिकडून नजर काढून एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "आणखी देऊ का जी?"

तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं. उठली, मोरीत वाटी धुतली, खिडकीत पालथी घातली. त्या दिवसापासून माझ्या हातचं शिजवलेलं तिने तोंडात घातलं नाही. टरफलातलं अंडं, शेंगा, केळ. पाणी नळाचं, स्वतः ओंजळीने. आणि चौकातल्या ठेल्यावरचे तर्री-पोहे. त्या ठेल्यावर हजार लोकांच्या बश्या एकाच बादलीत बुचकळतात, ते तिला चालायचं. परक्याच्या कढईवर विश्वास, माझ्या कढईवर नाही. मी रडायची, ती शेंगा फोडत बसायची.

गोळ्या सुटल्या, तसा आजार परत आला. दोन महिन्यांत ती वाळली, ओरडायला लागली. मग मनोरुग्णालयात भरती केलं. सही माझीच होती. गाडीत बसवताना दोन माणसांनी तिला बखोटीला धरलं होतं आणि ती मागे वळून फक्त एवढंच विचारत होती, "मले कुठे घेऊन चालले? सांगा नं कोणी." मी फाटकाशी उभी होते. मला पत्ता तोंडपाठ होता. मी सांगितलं नाही.

दीड महिन्याने ती परत आली. पुढची बरीच वर्षं तशीच गेली. गोळी जिभेवर ठेवायची, पाणी प्यायचं, तोंड उघडून मला दाखवायचं. ती पाच वर्षांच्या पोरीसारखा आ करायची, आणि मी खरंच आत वाकून बघायची. माझे मालक वारले, तेव्हासुद्धा ती दिवसांच्या जेवणाला ताट बाजूला सारून केळ सोलत बसली. नातेवाईक म्हणाले, वेडी आहे. मी हो म्हटलं.

मला मात्र तो कुटण्याचा आवाज सोडत नव्हता. खलबत्ता मी माळ्यावर टाकला, घरात मिक्सर आला. तरी नळाची वेळ झाली, शेजारची मोटर घरघरली, की मला त्या घरघरीच्या खालून टण-टण ऐकू यायचं. उजव्या हाताची मूठ आपोआप वळायची. एकदा मी नुसती उभी असताना सुनेने विचारलं, "आई, काय कुटून राहिल्या?" हातात काही नव्हतं. मला वाटलं, तिचे लोक पंख्यात राहायचे, माझे मोटरीत राहतात. तिला डॉक्टरकडे नेलं, मला कुणी नेत नाही, एवढाच काय तो फरक.

मुलाच्या लग्नानंतर ही सून आली आणि घराचा रंग थोडा बदलला. पोरगी सरळ, हाताने धांदरट. पहिल्याच आठवड्यात वांग्याची भाजी करपवली. कढई घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "करपली. मी फोनवर होती. तुम्हाले खायची असन तर खा, नाही तर लोणचं आहे."

धाकटी हसली. किती वर्षांनी! म्हणाली, "आण इकडे. ही पोरगी खोटं नाही बोलत." आणि करपलेली भाजी सुनेच्याच पोळीशी खाल्ली. मी बघत राहिले. मला आनंद झाला असं लिहायचं होतं, पण गोड करू नको म्हणाली आहे ना. मला सुनेचा हेवा वाटला.

सुनेनेच तिला सरकारी दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेले. तिथे एक समुपदेशक मॅडम होत्या, माझ्या मुलापेक्षाही लहान. मी सवयीने सांगायला सुरुवात केली, "हिला ना..." तर त्या मला म्हणाल्या, "काकू, एक मिनिट. मावशींनाच विचारते." आणि खुर्ची धाकटीकडे वळवली. "मावशी, तुम्हाला काय त्रास होतो?"

धाकटीने मागे वळून बघितलं. मावशी म्हणजे दुसरंच कुणी असेल, असं तिला वाटलं असावं. मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हे कापतात. काहून कापतात ते मले कोणी सांगितलं नाही."

मॅडमनी सांगितलं. ही गोळी कशासाठी, हिने काय बरं होतं, हिनेच हात कापतात, आणि डॉक्टरांशी बोलून कमी करता येते का ते बघू. पाच मिनिटं लागली असतील. वीस वर्षांचं काम पाच मिनिटांत झालं आणि मी कोपऱ्यात बसून पदराला गाठी मारत होते.

तेव्हापासून धाकटी गोळी स्वतः घेते. पाकिटातून स्वतः फोडून काढते, बोटावर धरून बघते आणि घेते. तोंड उघडून कुणाला दाखवत नाही. हात अजून थोडे हलतात, पण कशाने हलतात ते तिला ठाऊक आहे.

मग गेल्या हिवाळ्यात त्या मॅडमनी एका कागदाबद्दल सांगितलं. आता कायद्याने माणूस बरा असतानाच लिहून ठेवू शकतो, की मी पुन्हा आजारी पडले, मला निर्णय घेता येईना, तर माझ्यावर कसा उपचार करा आणि कसा करू नका. आणि तेव्हा माझ्या वतीने कोण बोलेल, तेही नाव आपणच द्यायचं.

नाव माझंच असणार, यात मला शंका नव्हती. सख्खी बहीण, एवढी वर्षं सांभाळलं, दुसरं आहे कोण? ठरलेल्या दिवशी मी इस्त्रीचं लुगडं नेसले, चष्मा पुसला, आधार कार्ड पिशवीत टाकलं. दवाखान्यात मॅडमच्या खोलीत शिरताना धाकटीने मला थांबवलं.

"ताई, तू बाहेर बस."

मी बाकड्यावर बसले. आत ती, सून आणि मॅडम. कितीतरी वेळाने सून दारात आली. "आई, मावशी बोलावून राहिल्या."

धाकटी समोर कोरा कागद घेऊन बसली होती.

"लिहायच्या आधी तुले एक विचारतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात. "कशाकशात टाकली होती?"

मला खोकला आला. "वरणात."

"आणखी?"

"वरणातच वं. एखाद्या वेळी चहात."

"ताई."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मी एकेक सांगत गेले. वरणात, चहात, कढीत. भज्याच्या पिठात एकदा. तुला ताप होता तेव्हा पेजेत. तू मागून घेतलेल्या आमरसात. आणि खिरीत. सांगताना मला प्रत्येक भांडं दिसत होतं, कुठल्याला कुठे पोचा होता तेसुद्धा.

"भज्यातलं मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "बाकी माहीत होतं."

"खिरीनंतर समजलं नं?"

"खिरीच्या आधी. मोटर सुरू झाली की तू कुटायची. रोज वेलची कुटते अन् चहात कधी वेलची नाही! मी काही बहिरी होती का? वर्षभर माहीत होतं मले."

"मग खात काहून होती?"

"तू सांगशील म्हणून."

मग तिने विचारलं, "मले काहून नाही विचारलं?"

"तू नाही म्हटलं असतं."

"मग? म्हटलं असतं नाही. त्या डॉक्टरले विचारलं असतं, काहून नाही म्हणते ही. त्यानं दुसरी गोळी दिली असती. नाही तर मीच एक दिवस हो म्हटलं असतं. आता म्हणतो नं."

मी चष्मा काढून पदराने पुसला.

तिने लिहायला घेतलं. हात हलत होता, म्हणून अक्षर मोठं मोठं येत होतं. माझ्या जेवणात, चहात, पाण्यात मला न सांगता काहीही घालू नये. मला कुठे नेत आहेत ते मला सांगावं, मला समजत नाही असं वाटलं तरी सांगावं. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायचं असेल तर माझ्याशी बोलावं. हे शेवटचं वाचलं आणि मला ओट्यावर बसलेले बाबा दिसले. ते तिलाही आठवत होते तर.

माझ्या वतीने बोलणारी व्यक्ती, या ओळीपुढे तिने सुनेचं नाव लिहिलं.

"मी?" सून दचकली. "मावशी, मले तर भाजी नाही जमत."

"करपली तर सांगते नं. तेवढं पुरे."

मी पिशवीचा बंद घट्ट धरून बसले होते. आत आधार कार्ड होतं. वाटलं, उठून जावं. तेव्हा तिने कागद माझ्याकडे सरकवला.

"दोन साक्षीदार लागतात म्हणते. एक तू कर."

"मी? कशी करू वं? हे सगळं तर माझ्यावरच लिहिलं आहे."

"म्हणूनच तर. तुले सगळं माहीत आहे."

मी सही केली. तिच्यासाठी मी आयुष्यात खूप सह्या केल्या, पण तिने लिहिलेलं वाचून, तिच्या समोर बसून केलेली ही पहिली.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं नाही की मला माफ कर. तिनेही तो विषय काढला नाही. अजून माझ्या हातचं वरण ती खात नाही. सुनेच्या पोळ्या खाते. अंडं मात्र अजून फिरवून बघते, कुणीही उकडलेलं असो.

या बुद्ध पौर्णिमेला सकाळी ती स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "खीर मी करतो. तू बाहेर बस." मग माळ्याकडे बोट दाखवलं. "खलबत्ता काढून दे."

मी स्टूलावर चढले नाही, सुनेने काढला. काळा पडला होता. धाकटीने तो चिंचेने घासला, पुसला आणि वेलची कुटायला घेतली. नळाची वेळ नव्हती, मोटर बंद होती. सगळ्या घरात टण-टण घुमत होतं. समोरच्या खोलीत बसून मी ते ऐकत होते आणि माझी मूठ वळत होती, उघडत होती.

तिने मला वाटी आणून दिली. स्वतःची घेऊन माझ्यासमोर बसली आणि खायला लागली, शिजवलेली खीर, चमच्याने. मी चमचा उचलला. खरं सांगते, मला कळलंसुद्धा नाही मी काय करते आहे. चमचा तोंडाकडे न नेता मी तो वाटीच्या तळाशी फिरवला. एकदा, दोनदा. तांदूळ बाजूला करून बघितलं, पांढरं काही आहे का.

मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती.

"काही नाही वं त्यात," ती म्हणाली. "असतं तर सांगितलं असतं."